एका गिटारचे चार वाटे: एलियानी एलियास ऐकायला शिकताना

ज्यांनी एलियानी एलियास हे नाव आजच ऐकलं, त्यांच्यासाठी हे लिहितोय. जॅझ माहीत नसला तरी चालेल, पोर्तुगीज येत नसेल तरी चालेल. पेटीवर किंवा कीबोर्डवर सा कुठे आहे एवढं कळत असेल तर उत्तमच. तेही नसेल तर एक टेबल आणि दोन हात पुरेत.

एलियानी ब्राझीलची. 1960 साली साओ पावलो शहरात जन्मली, 1981 मध्ये न्यूयॉर्कला गेली, आणि तेव्हापासून चाळीसहून जास्त वर्षं तिथल्या जॅझच्या जगात पियानो वाजवते आहे. गातेही. तिची ओळख करून देताना ‘जॅझ आणि ब्राझीलच्या संगीताचा मिलाफ’ असं म्हणायची पद्धत आहे. ते खोटं नाही, पण त्यातून ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. कुठल्या हातात काय आहे, गळ्यात काय आहे, हे ऐकू यायला लागलं की तिचं वाजवणं उलगडतं. मला ते कळायला बरीच वर्षं लागली. मी तिची गाणी स्वयंपाक करताना लावायचो, फोडणीच्या आवाजात अर्धी ऐकायचो, आणि सगळी सारखीच वाटतात म्हणून बंद करायचो. तुमची ती वर्षं वाचावीत म्हणून हा क्रम सांगतोय.

पायरी 1: आधी टाळी, मग गाणं

तिचं काहीही लावायच्या आधी दहा मिनिटं टेबलाशी बसा. 1 ते 16 मोजा, आपण तीनताल मोजतो तसंच. पायाने 1, 5, 9 आणि 13 वर ठोका द्या. हे आपल्या ओळखीचं आहे, प्रत्येक विभागाची पहिली मात्रा. आता एक फरक करा. समेवर हलकं पडा आणि 5 व 13 वर वजन टाका. सांबा म्हणजे ब्राझीलचं नाचाचं, मिरवणुकीचं संगीत. त्यात सुर्दो नावाचा मोठा ढोल असतो, त्याचा जड ठोका तिथे येतो. सम कळते, पण वजन तिच्यावर नसतं. आपल्या अंगाला हे पहिल्यांदा उलटं वाटतं, कारण आपण आयुष्यभर समेवर मान हलवत आलोय. दोनतीन दिवस करा, चालताना करा. सुर्दो पायात मुरला की निम्मं काम झालं.

पाय चालू ठेवून हाताने 1, 4, 7, 11 आणि 14 वर टाळी द्या. अंतरं मोजाल तर तीन, तीन, चार, तीन, तीन. सांब्यातून निघालेल्या बोसा नोव्हा या मऊ गायनशैलीचा हा ठेका म्हणून तो जगभर शिकवतात. समेची टाळी सोडली तर हातापायाची एकही जागा जुळत नाही, आणि सगळी गंमत त्या न जुळण्यात आहे. ब्राझीलचे वादक मात्र हा ठेका दगडावरची रेघ मानत नाहीत. एखादी टाळी पुढे सरकवतात, एखादी गाळतात. तुम्हीही महिनाभराने तसंच करायला लागाल, पण आधी तो जसाच्या तसा बसवा.

माझ्याकडे कीबोर्ड शिकायला येणाऱ्या मुलांकडून मी हे करून घेतो. सगळे 7 वर अडकतात. 8 ची वाट बघत हात थांबतो, आणि मग 11 ची टाळी उशिरा पडते. त्यावर उपाय असा, की तोंडाने आकडे न म्हणता ‘तकिट तकिट तकधिमि तकिट तकिट’ म्हणायचं. तीन, तीन, चार, तीन, तीन. प्रत्येक ‘त’वर टाळी. लगेच बसतं.

पायरी 2: एक माणूस, एक गिटार

आता ऐकायला सुरुवात, पण एलियानीपासून नको. आधी जुआंव जिल्बेर्तो ऐका. (गोव्याच्या वाचकांना या नावाचा उच्चार सांगायला नको. सांजांवमधला जांव तो हाच.) 1958 मध्ये त्याने ‘शेगा जी सौदाजी’ ध्वनिमुद्रित केलं. चाल आंतोनियु कार्लोस जोबिमची, शब्द कवी विनिसियुस जी मोरायस यांचे. बोसा नोव्हाची सुरुवात बहुतेक जण तिथून धरतात. त्यानंतर सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झबरोबर त्याने केलेला 1964 चा ‘गेट्झ/जिल्बेर्तो’ हा अल्बम ऐका. त्याला वर्षाच्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं आणि इपानेमाच्या किनाऱ्यावरच्या मुलीचं गाणं जगभर गेलं.

इथे गाण्यामागे न लागता त्याचा उजवा हात ऐका. अंगठा खालच्या तारेवर, पायासारखा संथ. तो सुर्दो. उरलेली बोटं एकदम तीन-चार तारा छेडतात, आणि त्या तुमच्या टाळीच्या आसपास पडतात. सांब्याच्या मिरवणुकीत तांबोरीं नावाचं छोटं चर्मवाद्य काठीने वाजवतात, त्याचे बोल त्या बोटांत आलेत. म्हणजे रस्त्यावरच्या शेकडो वादकांचा ताफा एका माणसाने एका गिटारीत बसवला. आणि वर गळा: जवळजवळ कुजबुजल्यासारखा, आस न लावता, कंप न देता, ठेक्याच्या थोडा मागे किंवा थोडा पुढे. हात हलत नाही, गळा हलतो.

एलियानीकडे जाताना ही तीन कामं लक्षात ठेवा: अंगठा, बोटं, गळा.

पायरी 3: पेटीवर एक प्रयोग

ज्यांच्याकडे पेटी किंवा कीबोर्ड आहे त्यांनी ही पायरी चुकवू नका. बाकीच्यांनी कुणाकडून तरी वाजवून घ्या.

उजव्या हाताने फक्त पंचम वाजवा, टाळीच्या ठेक्यात. दुसरं काही नाही. डाव्या हाताने खर्जात एकेक सूर बराच वेळ धरत खाली या: शुद्ध गंधार, कोमल गंधार, शुद्ध रिषभ, कोमल रिषभ. वरचा पंचम जागचा हललेला नाही, तरी खालचा सूर बदलला की त्याचा चेहरा बदलतो. गंधारावर तो शांत वाटतो, कोमल गंधारावर खुलतो, रिषभावर किंचित दूर जातो आणि कोमल रिषभावर अगदी अस्वस्थ होतो. आता कधी एकदा सा येतो असं वाटायला लागतं.

जोबिमच्या एका प्रसिद्ध सांब्याची सुरुवात याच युक्तीवर उभी आहे. त्याचं नावच ‘एका सुराचा सांबा’. शब्द न्यूटन मेंदोंसाचे. आपण राग ऐकत वाढलोय. आपला षड्ज स्थिर असतो आणि सूर त्याच्याभोवती फिरतात. इथे जमीन सरकते आणि सूर उभा राहतो. जॅझ ऐकताना ‘यात चाल कुठाय’ असं ज्यांना वाटतं, त्यांनी चालीचा नाद सोडून जमिनीकडे कान द्यावा. मला जॅझचा दरवाजा तिथूनच उघडला.

पायरी 4: ती आली कुठून

आता एलियानी. तिचं आयुष्य थोडक्यात सांगतो, कारण तिच्या वाजवण्यातल्या बऱ्याच गोष्टी त्यात आधीच आहेत.

सातव्या वर्षी पियानो सुरू. बाराव्या वर्षी ती अमेरिकेतल्या मोठ्या जॅझवादकांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्यांची वादनं सूर न् सूर कागदावर उतरवत होती. हे काम किती कष्टाचं आहे ते ज्याने एकदा केलंय त्यालाच कळेल. सुई मागे न्यायची, चार सूर ऐकायचे, लिहायचे, परत मागे. साओ पावलोत झिंबो त्रिओ या मंडळींनी काढलेली क्लाम नावाची संगीतशाळा होती. त्यातले पियानोवादक आमिल्तोन गोदोय हे तिचे गुरू. पंधराव्या वर्षी ती त्याच शाळेत शिकवायला लागली. सतराव्या वर्षी तिने गायक-गिटारवादक तोकिन्यू आणि विनिसियुस जी मोरायस यांच्याबरोबर साथीला काम सुरू केलं. हे तेच विनिसियुस, दुसऱ्या पायरीवर शब्द ज्यांचे होते ते. म्हणजे बोसा नोव्हा तिने पुस्तकातून किंवा तबकड्यांतून उचलला नाही. ती तो लिहिणाऱ्यांच्या शेजारी बसून वाजवत होती.

1981 मध्ये पॅरिसमध्ये तिची गाठ डबल बासवादक (बास म्हणजे उभं धरून वाजवायचं, खर्जाच्या सुरांचं मोठं तंतुवाद्य) एडी गोमेझ यांच्याशी पडली. त्यांनी तिला न्यूयॉर्कला यायला सुचवलं. गोमेझ अकरा वर्षं जॅझ पियानोवादक बिल इव्हान्स यांच्या त्रिकुटात होते, आणि इव्हान्स 1980 मध्ये वारले होते. न्यूयॉर्कमध्ये ती स्टेप्स अहेड या गटात आली. व्हायब्राफोनवर माइक मैनिएरी, सॅक्सोफोनवर मायकेल ब्रेकर, बासवर गोमेझ, ड्रमवर पीटर अर्स्किन, आणि त्यांच्यात विशीतली ही मुलगी. 1983 चा त्यांचा अल्बम ऐका. ब्राझील त्यात जवळजवळ नाहीच. तो मी मुद्दाम ऐकायला सांगतोय. ती आधी या जगात जॅझवादक म्हणून उभी राहिली, नुसती ‘ब्राझीलची मुलगी’ म्हणून नव्हे, हे त्यातून कळतं.

पायरी 5: गिटारचे वाटे कुणाकडे गेले ते शोधा

लेखातली ही पायरी सगळ्यात महत्त्वाची. 1990 चा ‘एलियानी एलियास प्लेज जोबिम’ लावा. बासवर गोमेझ, ड्रमवर जॅक डिजॉनेट, तालवाद्यांवर ब्राझीलचे नाना व्हास्कोंसेलोस. गाणं यात नावापुरतं आहे, पियानोच बोलतो. हेडफोन लावा. फोनच्या स्पीकरवर बास ऐकूच येत नाही, आणि बास नसेल तर हा सगळा अभ्यास फुकट.

पहिल्यांदा फक्त बास ऐका. जिल्बेर्तोचा अंगठा तिथे गेलाय.

दुसऱ्यांदा फक्त पियानोचा डावा हात. तुटक, दाबून, पटकन उचललेले स्वरसमूह. जिल्बेर्तोची बोटं इथे आहेत. पायाचा सूर बासकडे असल्यामुळे डाव्या हाताला खाली जाऊन सा धरायची गरज उरत नाही. तो मधल्या सप्तकात बसून गंधार, निषाद, वरचा रिषभ अशा रंगाच्या सुरांवर राहतो. पायाचा सूर सोडून देण्याची ही पद्धत इव्हान्स यांनी पियानोवाल्यांच्या अंगवळणी पाडली. ब्राझीलची बोटं आणि इव्हान्सचा हात एकाच जागी कसे मावतात, ते इथे कानाने पकडता येतं.

तिसऱ्यांदा उजवा हात. हा वाटा गिटारीतून आलेला नाही, तो जॅझचा. लांब, न तुटणारी, ठेक्याला ओलांडून जाणारी वाक्यं, बारा वर्षांच्या मुलीने कागदावर उतरवलेल्या वादनांतून आलेली.

चौथा वाटा गळ्याचा, त्यासाठी 1998 चा ‘सिंग्ज जोबिम’. इथे ती पूर्णवेळ गायिका होते. आवाजाचा पल्ला मोठा नाही, आणि ती तो ताणतही नाही. खालच्या पट्टीत, बोलल्यासारखं. एका ओळीवर लक्ष ठेवा. शब्द समेनंतर येतात, ओळीच्या शेवटी ती ठेक्याला गाठते किंवा तसंच सोडून देते, आणि या सगळ्यात डावा हात केसभरही हलत नाही. आपल्याकडे तबलजी ठेका धरतो आणि गायिका त्याच्यावरून मोकळी फिरते. इथे तबलजी आणि गायिका एकाच अंगात आहेत.

पायरी 6: पुढचे अल्बम, माझ्या क्रमाने

सगळं ऐकायची गरज नाही. तिचे अल्बम भरपूर आहेत आणि काही नुसतेच गोड आहेत. मी नव्या माणसाला हे सांगतो.

2008 चा ‘समथिंग फॉर यू’. बिल इव्हान्स यांच्या रचनांवरचा. बासवर मार्क जॉन्सन, तिचा जोडीदार आणि इव्हान्स यांच्या शेवटच्या त्रिकुटातला बासवादक. इव्हान्स यांनी मृत्यूच्या काही आठवडे आधी जॉन्सनला एक कॅसेट दिली होती. त्यात तोवर कुठेही न आलेल्या, मनात घोळत असलेल्या गोष्टी होत्या. जवळजवळ तीन दशकांनी एलियानीने त्यातलं काही उचलून पुरं केलं, शब्द घालून गायलं. मी हा अल्बम नेहमी रात्री, दिवा मालवून ऐकतो. कुणीतरी अर्धं ठेवून गेलेलं वाक्य दुसऱ्याने हळुवार हाताने पुढे नेलंय, आणि जोर कुठेच लावलेला नाही.

त्याच वर्षीचा ‘बोसा नोव्हा स्टोरीज’ या संगीताच्या पन्नाशीनिमित्त आला. घरात पाहुणे असताना लावायला तो सगळ्यात चांगला.

2015 चा ‘मेड इन ब्राझील’. न्यूयॉर्कला गेल्यानंतर पहिल्यांदाच तिने ब्राझीलमध्ये जाऊन ध्वनिमुद्रण केलं, आणि त्याला सर्वोत्तम लॅटिन जॅझ अल्बमचं ग्रॅमी मिळालं. आधी अनेक नामांकनं झाली होती, बक्षीस मात्र घरी जाऊन केलेल्या कामाला आलं.

2021 चा ‘मिरर मिरर’ शेवटी ठेवा. यात गळा नाही, बास नाही, ड्रम नाही, फक्त दोन पियानो. काही तुकड्यांत समोर चिक कोरिया, बाकीच्यांत क्यूबाचे चुचो व्हाल्देस. कोरिया त्याच वर्षी फेब्रुवारीत गेले. यालाही ग्रॅमी मिळालं. अंगठ्याचं काम आता नेमकं कोण करतंय हे ओळखायला लागलात, की तुमचा कान तयार झाला.

ती एकटीच आहे असं समजू नका. पियानोशी बसून गाणाऱ्यांची ब्राझीलमध्ये जुनी परंपरा आहे. जॉनी आल्फ 1950 च्या दशकात कोपाकाबानाच्या एका हॉटेलच्या बारमध्ये वाजवायचे आणि तरुण जोबिम, जिल्बेर्तो ऐकायला यायचे. तानिया मारिया ईशान्येकडच्या मारान्यांव राज्यातली. ती पियानोवर जे वाजवते तेच त्याच क्षणी गळ्यातूनही काढते, शब्दांशिवाय, आपल्या सरगमच्या वेगाने. एलियानी फार मऊ वाटली तर तानिया मारिया लावा.

पायरी 7: शब्दांपाशी

पोर्तुगीज शिकायची गरज नाही, पण दोन खुणा ठेवल्या तर गाणी जवळ येतात. साओ पावलो आणि रिओकडच्या बोलीत शब्दाच्या शेवटचा ‘दे’ हा ‘जी’ होतो आणि ‘ते’ हा ‘ची’. म्हणून गोव्यातल्या जुन्या घरांत ज्याला सौदाद म्हणतात, तो शब्द ब्राझीलच्या गाण्यात सौदाजी म्हणून येतो. दूर गेलेल्याची, कधीकधी कधीच नसलेल्याची ओढ. दुसरी खूण नाकातल्या स्वरांची. कोकणीत आणि मालवणीत वाढलेल्यांना ते सहज जमतात, आम्हा देशावरच्यांना थोडी मेहनत पडते.

एलियानीच्या वाजवण्यात कधीकधी टाळीचा ठेका बदलून तीन-तीन-दोन असा येतो. तो बायांव, ब्राझीलच्या ईशान्येचा, अकॉर्डियन, त्रिकोण आणि झाबुंबा ढोलाचा. 24 जूनला गोव्यात सांजांवाला लोक कोपेल, म्हणजे फुलापानांचा मुकुट, घालून विहिरीत उड्या मारतात, त्याच सणाला तिकडे शेकोट्या पेटतात आणि याच ठेक्यावर रात्रभर नाच चालतो.

पायरी 8: स्वतः वाजवायचं असेल तर

डाव्या हातात मंद्र सा 1 आणि 9 वर, त्याखालचा पंचम 5 आणि 13 वर. पंचमाला वजन. उजव्या हातात गंधार, पंचम, शुद्ध निषाद एकदम, टाळीच्या जागांवर, दाबून लगेच उचललेले. सोळा मात्रांनंतर डाव्या हातात रिषभ आणि धैवत, उजव्यात मध्यम, धैवत, वरचा षड्ज. पुन्हा सोळा. एवढ्या दोन घरांत महिनाभर फिरा. वेग वाढवायचा मोह होतो, तो आवरा. आवाजही कमी ठेवा. शेजारच्या खोलीतल्या झोपलेल्या माणसाला त्रास होणार नाही इतका, म्हणजे बोटं आपोआप हलकी होतात.

हात बोलल्याशिवाय चालायला लागले की गळा. तोंडपाठ असलेली कुठलीही साधी ओळ घ्या, मराठीच घ्या. ती समेवर न उचलता दोन मात्रा थांबून उचला. पहिल्या दहा वेळा हात गळ्यामागे धावेल आणि ठेका मोडेल. तेव्हा गाणं सोडा आणि ओळ नुसती बोला, कुणाला तरी निरोप सांगितल्यासारखी, हात चालू ठेवून. बोलता आली की त्याच जागांवर सूर घाला. आवाज लावू नका, श्वासाइतकाच ठेवा. हात घसरला तर गळा थांबवा, हात थांबवू नका.

आणि अधूनमधून 2017 चा ‘डान्स ऑफ टाइम’ लावत जा. ‘पेलू तेलेफोनी’ हा ध्वनिमुद्रित झालेला पहिला सांबा मानतात, त्याची तबकडी 1917 मध्ये आली होती. त्या शतकपूर्तीच्या वर्षी एलियानीने हा अल्बम केला आणि त्याला लॅटिन ग्रॅमी मिळालं. त्यात तोकिन्यू आहेत, स्टेप्स अहेडचे मैनिएरी आहेत, आणि एका जागी तिच्याबरोबर आमिल्तोन गोदोय वाजवतात, साओ पावलोच्या शाळेतले तिचे गुरू. तिथे पोचलात की डोळे मिटून फक्त डावे हात ऐका.